राणीच्या नावाचा नवस

लोकांचं प्रेम नजरानजरेनं सुरू होतं. आमचं शिव्यांनी झालं. म्हणजे शिव्या मी घातल्या आणि दिग्विजयनं खाल्ल्या.

कुंडलच्या बाहेर आमची धनगरांची वस्ती. त्या संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं पोरांची गजीनृत्याची तालीम चालली होती, ढोलांनी पत्रे हादरत होते. आणि घरात माझी राणी, सहा वर्षांची पोर, कानांवर तळहात दाबून भिंतीवर डोकं आपटत होती. राणीला ऑटिझम आहे. आपल्याला नुसता मोठा वाटणारा आवाज तिला टोचतो. मी पदर खोचला, तरातरा देवळापुढं गेले आणि सगळ्यांत उंच गडी ढोल बडवत होता त्याच्या हातातली काठीच हिसकावली.

“माणसं हायसा का कोण? तिकडं लेकरू तळमळतंय!”

“ताई, तालीम हाय—”

“ताई कुणाला म्हणतोस रं?”

पोरं फिदीफिदी हसली. तो मात्र हसला नाही. मी काठी घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी स्वारी, म्हणजे हाच दिग्विजय, दारात हजर! गळ्यात ढोल, ढोलावर घोंगडं गुंडाळलेलं.

“काठी मिळायची न्हाई,” मी आधीच सांगून टाकलं.

“नगं. पण आसा वाजवला तर पोरीला चालंल काय... बघा की.”

त्यानं घोंगड्यावरून बोटांनी हलकी थाप दिली. राणी दाराआडून आली. कुणाकडं न बघता तिनं दोन्ही तळहात ढोलावर ठेवले, मग गालही टेकला. तो वाजवत राहिला, हळू, एकसारखा. तिच्या डोक्यावरून त्यानं माझ्याकडं पाहिलं... आणि चुलीपासून चार हात लांब असूनही माझे कान तापले. मला त्याचाही रागच आला.

राग माझा जुनाच. राणीच्या बापानं डॉक्टरचं बोलणं ऐकलं, खंडाळ्याला नोकरीला गेला आणि तिकडंच दुसरा संसार थाटला. जाताना म्हणाला, “आमच्या घराण्यात आसलं कोण न्हाई.” जसं काही मी माहेराहून भांड्यांच्या ट्रंकेत घालून आणलं होतं! काडीमोड झाला आणि मी पोरीला घेऊन वस्तीवर वडिलांकडं परत आले. साताऱ्यात एका डॉक्टरनं सांगितलं, वसतिगृहात ठेवा आणि मोकळ्या व्हा. सांगलीत एकानं सांगितलं, रोज थेरपीला घेऊन या. एस.टी.च्या गर्दीत, हॉर्नमध्ये पोर इतकी दमायची की तिथं पोचल्यावर टेबलाखाली जाऊन झोपायची, वर तेच म्हणणार, “आई सहकार्य करत नाहीत.” कुणी दूध बंद करा म्हणालं, कुणी गहू. देवऋषीनं लिंबं उतरवली. सगळ्यांचा एकच सवाल, बरी कधी होणार? राणीला काय आवडतं हे एकाही बाबानं विचारलं नाही.

विचारलं ते सोनिया मॅडमनी. त्याही सांगलीच्याच, अशा पोरांना शिकवणाऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुमच्या घरात दिवसभर काय काय चालतं, ते सांगा. आपण त्यातूनच शिकवू.” पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्याकडं, बाकी सगळं घरी. कणीक मळायची, कळशी उचलायची, लोकर पिंजायची. आणि फोटोंची कार्डं करायची. पाणी हवं असेल तर राणीनं पाण्याचं कार्ड आणून हातात द्यायचं.

दिग्विजयचं पलूसला मोबाइलचं दुकान. फोटो काढायला तोच आला. पाणी, भाकरी, झोका, ढोल...

“आता तुमचा,” तो म्हणाला.

“माझा कशाला?”

“तिला आई पायजे आसंल तर कंचं कार्ड द्याचं? हसा की जरा.”

“तिला मी अशीच ओळखू येते.”

“मला बी,” तो फोनमागून हळूच म्हणाला. मी पिठाचे हात तसेच घेऊन आत पळाले.

मग सांगलीला त्याच्या मोटारसायकलवरून जाणं सुरू झालं. तो पुढं, मध्ये कानांवर आवाज कमी करणारे मफ घातलेली राणी, मागं मी. एकदा परतताना अवकाळीनं गाठलं. द्राक्षवाले पावसाला शिव्या देत होते आणि आम्ही रस्त्याकडेच्या शेडखाली उभे. राणी वळचणीच्या धारेखाली हात धरून खिदळत होती. दिग्विजय चुळबुळत होता.

“माया... मी आईला इचारलंय.”

“काय?”

“तुला... म्हंजी तुमा दोघींना... घरी आणू का म्हणून.”

“मग?”

“व्हय म्हणली.”

“आन मला कवा इचारणार हुतास? वरात निघाल्यावर?”

त्यानं कान पकडले. मला हसू आलं, किती दिवसांनी... मोठ्यानं, खदखदून. तो वेड्यासारखा बघतच राहिला.

ते हसू टिकलं त्याची आई, धोंडुबाई, घरी येईपर्यंत. तिनं राणीच्या हातात साखर ठेवली आणि म्हणाली, “बोल की गं बाय लवकर! दिग्यानं बिरोबाला नवस बोललाय. पोरगी बोलली की घोंगडं चढवीन, वस्तीला पुरणपोळी घालीन. जत्रंच्या आत बोलंल बघ. नवस फेडायचा आन लगीच लगीन.”

“आन न्हाई बोलली तर?”

“मग तिचा आजा हाय की सांभाळाय. तू तेवढी ये.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच पलूसला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, असू दे!

“नवस बोललास?”

त्याचा चेहरा उतरला. “आई तयार हुईना, माया. तिला म्हणलो पोरगी बोलंल. आन देवाला सांगितलं तर बिघडलं काय?”

“राणी काय ताप हाय उतराय? तिचा बा तिला सरळ टाकून गेला. तू तिला अटीवर घेतलीस! जी हाय ती राणी पायजे तुला, का उद्या हुईल ती?”

“तसं न्हवं... पण बोललेला नवस माघारी घेता येत न्हाई गं.”

“मग बस फिटायची वाट बघत!”

घरी येऊन मी कणकेत तोंड घालून रडले म्हणा ना. संध्याकाळी राणीनं कार्ड आणून हातात दिलं. ढोल. दुसऱ्या दिवशीही ढोल. तिला काय सांगू? तो येत नाही, याचं कार्ड आम्ही केलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी मी दार लावून बसले होते. माझे वडील, नानासो, धापा टाकत आले. “माया, चल! दिग्या नवस फेडतोय.”

“राणी बोलली कुठं?”

“त्येच तर समदी इचारत्यात!”

राणीच्या कानांवर मफ चढवले आणि निघाले. देवळापुढं एकही ढोल वाजत नव्हता. देवावर कोरं घोंगडं, पायरीवर पुरणपोळ्यांच्या दुरड्या, आणि धोंडुबाई कडाडत होती, “देवाची चेष्टा लावलीस व्हय रं? पोरगी मुकी आन नवस फेडतोस!”

“मुकी न्हाई, आई. रोज बोलती. कार्ड दिऊन बोलती, हात धरून वडून बोलती. मलाच उशिरा कळलं. देवानं माझं काम केलंय, नवस फिटला. आता राणीकडं माझं मागणं न्हाई, आन तुला बी मागू देणार न्हाई.”

सगळे पुजाऱ्याकडं बघू लागले. म्हातारा म्हणाला, “ज्यानं बोलला त्यानं फेडला. देव काय पंचायत बसवत न्हाई.” त्यानं भंडारा उधळला. धोंडुबाई तोंड फिरवून बसली ती बसलीच.

दिग्विजय माझ्यासमोर आला. कपाळ पिवळं, डोळे लाल.

“आई न्हाई वळली तर येगळी चूल मांडू. तिघांची. राग गेला न्हाई व्हय अजून?”

“न्हाई.”

“जाईल का?”

“जाऊ नगं म्हण. मला लय लागायचाय. शाळंत भांडायचंय, डॉक्टरांशी भांडायचंय, तुझ्या आईशी तर रोज.”

“मग मी... मी काय करू?”

“शेजारी उभा ऱ्हा. म्होरं न्हाई, शेजारी.”

तो आला, राणीला मध्ये जागा सोडून शेजारी उभा राहिला. आणि सगळ्या वस्तीदेखत, धोंडुबाईकडं बघत, मी हो म्हणाले.