बॅगेला कोण शिवलं?

"उद्या अकरा वाजता कोर्टात माझी मुलगी माझ्याकडून काढून घेणार आहेत," असं म्हणत ती बाई खुशालराव इंगोल्यांच्या ओसरीवर चढली आणि कुणी बसा म्हणायच्या आत खालीच बसली.

एकोणीसशे चोपन्नचा पितृपक्ष चालू होता. अमरावतीत दुपारचे दोन वाजले होते. खुशालराव सुपारी कातरत होते. फौजदारकी सोडून खाजगी तपास करू लागल्याला त्यांना सहा वर्षं झाली होती. समोर त्यांचे स्नेही गोपाळकृष्ण मास्तर बसले होते. मास्तर शाळेत संस्कृत शिकवत आणि खुशालरावांच्या प्रत्येक तपासात सगळ्यांच्या आधी चुकीचा चोर पकडून देत. तो मान त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता.

"पानी घ्या बाई. मंग सांगा," खुशालराव म्हणाले.

तिनं पाण्याला हात लावला नाही. तिचं नाव अनुपमा दर्यापूरकर. नवरा चिंतामण फाल्गुनात क्षयानं गेला. तिला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. पाच वर्षांच्या रमाला घेऊन ती निघणार, तोच दीर कमलाकांत वकिलांनी रमाचा ताबा मागणारा अर्ज कोर्टात टाकला. चिंतामणची शेवटची इच्छा तीच होती, असं ते शपथेवर सांगत होते.

"ते खोटं आहे," अनुपमा म्हणाली. "दवाखान्यात हे मला म्हणाले, 'रमा तुझीच. लिहून ठेवलंय. बॅगेत आहे.' पुढं त्यांना बोलताच आलं नाही. मी ती बॅग शंभर वेळा उलटीपालटी केली. काही सापडलं नाही हो."

"कोनती बॅग?"

ती मगरीच्या कातड्याची, लंडनची होती. तिचे वडील अकोल्यात डॉक्टर. देश सोडून जाताना एका साहेबाच्या मडमेनं ती तिच्या आईला दिली होती. रेशमी अस्तर, चांदीची कडी. सासरी मात्र ती सात वर्षं ओसरीच्या खुंटीवर लटकत होती, कारण त्या सोवळ्याच्या घरात कातड्याला कुणी हात लावत नसे. यंदाच्या पावसाळ्यात तिला बुरशी आली, खवले तडकले, मूठ तुटली. आईची तेवढीच खूण उरली म्हणून अनुपमानं ती अकोल्याच्या देवमनकडे दुरुस्तीला दिली. तो पूर्वी साहेब लोकांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचा.

तिनं एक पोस्टकार्ड पुढं केलं. देवमननं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं:

"बाई, बॅगेच्या बुडाच्या पुठ्ठ्याखाली एक लिफाफा निघाला. अस्तराच्या फाटीतून खाली गेला असेल. वर तुमचं नाव आहे. मी उघडला नाही. जागच्या जागी ठेवून अस्तर शिवलं आहे. बुधवारी बॅग आणून देतो."

"कार्ड सोमवारी आलं," अनुपमा म्हणाली. "ओसरीच्या कोनाड्यात पडलं होतं. मला संध्याकाळी दिसलं. आज बुधवार. माझ्या वकिलांकडं जाणं भाग होतं म्हणून मी नऊला घराबाहेर पडले. देवमन दहाला बॅग देऊन गेला. साडेबाराला येऊन मी बुडाचं अस्तर एका कडेनं उसवलं, तर आत नुसता पुठ्ठा. खुशालराव, मला दुसरं काही नको. ते पत्र उद्या अकराच्या आत पाहिजे. नाही मिळालं तर मी काय करीन, मला माहीत नाही."

खुशालरावांनी अडकित्ता ठेवला. "चला मास्तर. जोडे घाला."

दर्यापूरकरांच्या फाटकाबाहेर निंबाखाली देवमन गुडघ्यात मान घालून बसला होता. कातड्याला कोणतं तेल लावायचं ते बाईंना सांगावं म्हणून बिचारा थांबला, आणि वकिलांनी त्यालाच चोर ठरवलं. पोलीस येईपर्यंत हलायचं नाही, असा हुकूम होता.

बॅग मात्र बघत राहावी अशी झाली होती. एरंडेल पिऊन खवले मऊ झाले होते, कडी लखलखत होती, मूठ कुठं जोडली ते समजत नव्हतं. खुशालरावांनी ती उघडली, भिंग काढलं आणि बराच वेळ बुडाशी डोळा लावला.

"देवमन, हे चारी कडा तूच शिवल्या?"

"हो जी. चारी."

"मंग हे पाय बरं. तीन कडांचा दोरा काळा, मेणाचा. चौथी, बाईंनं उसवली ते. इथं पांढरा दोरा कावून?"

देवमननं दोऱ्याचे तुकडे तळहातावर घेतले. शेवटच्या तुकड्याला बारीक गाठ होती. त्याचा चेहरा बदलला. "हा माहा दोरा नोहे, साहेब. आमी दोन सुया समोरासमोर चालवतो. शेवटले दोन टाके मांगं फिरवले का दोरा बसते. चांभार गाठ मारत नाई. हे घरातल्या सुईचं काम हाय."

"म्हणजे कुणीतरी कड उसवली, पत्र काढलं आणि पुन्हा शिवली," मास्तर म्हणाले.

"हे आपल्या चौघातच राहू द्या," खुशालराव म्हणाले. "आत एक शब्दही बोलाचा नाई. बाई, तुमी पन."

ओसरीवर पहिली भेटली ती भांडीवाली गोदाबाई. बॅग तिनंच घेतली होती.

"मी घेतली आन् खुटीले अटकवली. मंग मांगं भांडे घासत बसलो. त्याच्यात का होतं, मले का मालूम? मले वाचता येते का? घरात आज सराध. धाकल्या रमाले शेजारी धाडलं, बाकी समदे सोवळ्यात. वकीलसाहेब म्हन्तात, बॅगीले तूच हात लावू शकत होती. घ्या, आता मी चोर."

"गोदाबाई, शिवता येते?"

"गोधड्या शिवतो ना. दर साल दोन."

मास्तरांनी खुशालरावांना कोपरानं ढोसलं. त्यांचा चोर सापडला होता.

आत गुरुजी दक्षिणा कनवटीला लावून निघायच्या बेतात होते. कमलाकांत वकील मुकट्यातच होते आणि भडकलेले होते.

"वडिलांचं श्राद्ध आहे आज. सकाळी साडेनऊपासून मी पाटावर आहे. गुरुजी, सांगा यांना."

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. "जेवण होईस्तोवर वकीलसाहेब पाटावरून उठले नाहीत. पाटावर तासभर जास्तच बसावं लागलं म्हणा. अनसूयाबाईंच्या हातून आजवर पानाला उशीर झाला नव्हता. आज बारा वाजले तरी वडे तळायचे होते."

"वय झालं आईचं," वकील म्हणाले. "आणि इंगोले, पत्रबित्र काही नव्हतंच. चांभार आणि ही, दोघांनी मिळून रचलेलं आहे. उद्या कोर्टात हेच सांगणार आहे मी."

अनुपमा त्यांच्याकडं पाठ फिरवून आत वळली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. अनसूयाबाई सत्तरीच्या, तांबडं लुगडं, डोक्यावरून पदर. चेहऱ्यावरून वाटत होतं, बाई आठ दिवस झोपली नसावी. खुशालराव उंबऱ्यापासून चार हात लांब थांबले. मागच्या पडवीत उंच वेळूवर सोवळ्यातली दोन तांबडी लुगडी वाळत होती. एक सुकत आलेलं, एकाचं पाणी अजून टिपकत होतं.

"आई, थोडं विचारतो. सोमवारचं कार्ड तुमी वाचलं?"

"मी कुणाची पत्रं वाचत नाही. कार्ड मी पाहिलंसुद्धा नाही. कमलाकांत ओरडला तेव्हा समजलं, की बॅगेतून काही गेलं."

"सकाळपासून बॅगीले कोन कोन शिवलं?"

"मला काय विचारता? या वयात सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही मला. आणि मी सोवळ्यात. पहाटे पाचला न्हाले, ती अजून तशीच आहे. कातडं मला चालतं का?"

"मधात विटाळ झाला? नात शिवली, कावळा शिवला?"

"नाही. काही नाही. श्राद्धाच्या दिवशी मी कुणाला शिवू देत नाही."

खुशालराव मान डोलावून बाहेर आले. मास्तरांना दम धरवत नव्हता.

"गोदाबाईच हो. वकिलांनी तिला फितवलं. घरातले बाकीचे सोवळ्यात. कातड्याला हात लावणारी ती एकटी. शिवाय गोधडी शिवणारी."

"मास्तर, गोदाबाई कार्ड वाचू शकत नाई. लिफाफा कुठं हाय, तिले कसं समजलं? आन् ती फितली असती, तर वकिलानं तिच्यावरच बोट दाखवलं असतं काय? तुमच्या घरी सराधाले सोवळं असते ना?"

"असतं की. आमच्या आईचं तर फार कडक."

"म्हनूनच तुमाले दिसलं नाई. आमी कुनब्याचे पोरं दाराबाहेर उभे राहतो, आमाले दिसते."

त्यांनी गुरुजींना जाऊ दिलं, वकिलांना ओसरीवर बसवलं आणि अनुपमाला घेऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मास्तर मागोमाग होतेच. खुशालराव तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले. आवाज मात्र त्यांनी खाली आणला.

"आई, मी बोलतो. चुकलं तर थांबवजा. बॅग दहाले खुटीवर आली. तवा घरात चौघं. वकीलसाहेब पाटावर, गुरुजी समोर. हे दोघं सुटले. गोदाबाईले वाचता येत नाई. देवमनचा टाका तर गाठीत संपतच नाई. राहिलं कोन?"

अनसूयाबाईंनी उंबऱ्यावरचा हात मागं घेतला.

"तुमी सोवळ्यात, म्हनून तुमच्याकडं कोनी पाह्यलं नाई. मीही नसतं पाह्यलं. पन वेळूवर दोन लुगडे हायेत. पाच वाजताचं आंघोळीचं एक, ते सुकत आलं. दुसरं अजून टिपकते. एका आंघोळीचे दोन लुगडे कसे झाले? तुमी म्हन्ता, मधात कोनी शिवलं नाई. मंग दुसऱ्यांदा कावून न्हाल्या? आन् पानाले तासभर उशीर कावून झाला?"

"पावसाळी हवा," त्या पुटपुटल्या. "लुगडं वाळलं नसेल कालचं."

"कालचं लुगडं पानी टिपकत नाई, आई. अजून एक. मी विचारलं, बॅगीले कोन शिवलं. श्राद्धाचं सोवळं नेसलेल्या बाईले 'शिवनं' म्हनजे हात लागनं. पहाटेपासून तोच एक शब्द तुमच्या तोंडात असन. पन तुमी सुई-दोऱ्याचं उत्तर दिलं. कड कोनी नव्यानं शिवली, हे निंबाखाली आमी चौघांनीच पाह्यलं होतं. घरात कोनाले ठाव नव्हतं. अस्तर शिवल्याचं त्या कार्डात हाय, पन कार्ड तर तुमी पाह्यलंच नाई म्हन्ता."

मास्तर भिंतीला टेकले. संस्कृतचा शिक्षक असून शब्दाचे दोन अर्थ त्यांच्या कानावरून गेले होते.

"लोकं चोरी करून पळतात," खुशालराव म्हणाले. "तुमी चोरी केली आन् विहिरीवर जाऊन आंघोळ केली. कातड्याले लागलेल्या हातानं पितरांचा सैपाक कसा कराचा?"

अनसूयाबाईंच्या तोंडून हुंदका आला. मोठा नाही. आत दाबलेला.

"आई," अनुपमा किंचाळायचीच राहिली. "तुम्ही? जाळलंत का ते? एवढंच सांगा, जाळलंत का?"

"जाळलं नाई," खुशालरावच म्हणाले. "सराधाच्या चुलीत कातड्यातून निघालेला कागद या घालनार नाईत. आन् लेकाच्या हातचं अक्षर हाय ते."

म्हातारी भिंत धरून उठली. माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत चिंतामणच्या कपड्यांची ट्रंक होती. ती उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं लिफाफा जमिनीवर ठेवला आणि मागं सरली.

"रमा गेली तर या घरात चिंतामणचं काय राहतं माझ्याकडं?" त्या म्हणाल्या. "तिचं कपाळ अगदी त्याचं आहे. कमलाकांतला वाटतं घराण्याची अब्रू, कोर्ट, जिंकणं. मला फक्त ती पोरगी दिसते. कार्ड वाचलं आणि दोन रात्री डोळा लागला नाही. आज पत्र उघडलं. 'रमा तुझ्याकडेच राहावी' इथवर वाचलं. पुढं वाचवलं नाही. चूल पाहिली, हात गेला नाही. उद्या बंबात टाकणार होते."

अनुपमानं पत्र उचललं. ती मोठ्यानं वाचू लागली, कदाचित सासूला ऐकवायला, कदाचित रागानंच.

"'अनुपमा, रमा तुझ्याकडेच राहावी. दादा अडवील, हे पत्र त्याला दाखव. घरात इतर कुठं ठेवलं तर त्याच्या हाती लागेल, म्हणून या बॅगेत टाकतो आहे. अजून एक मागणं आहे. जमलं तर आईला तुझ्याबरोबर ने. मी गेल्यावर या घरात तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नसेल. ती स्वतः कधी म्हणणार नाही. तू विचार.'"

बाहेर ओसरीवर वकिलांच्या खुर्चीचा आवाज झाला.

अनसूयाबाईंनी पदर तोंडावर ओढला. कितीतरी वेळ त्यांचे खांदे हलत होते. अनुपमा पाहत राहिली. सहा महिने या बाईनं रमाला रात्री स्वतःजवळ झोपवून घेतलं होतं, आज तर तिचं सगळं आयुष्यच ट्रंकेत कोंडलं होतं. पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. तिच्याच्यानं विचारवलं नाही.

मग म्हातारीच बोलली. पदर तसाच, आवाज बसलेला.

"अकोल्याला तुझ्याकडं पाणी नळाचं की विहिरीचं?"

खुशालराव उठले आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर नेऊ लागले. मास्तर निघेनात.

"विहिरीचं," अनुपमा म्हणाली. "पण खारं आहे."

"खाऱ्या पाण्यानं सोवळं मोडत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.