खिडकीचा टेकू

मिस ओझेला आत आली आणि चर्चची टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"अर्लीन, माझ्या पोराला सोडव. हर्शेल गेला तर शेरीफ माझ्या टेरेलवर खुनाचा आरोप ठेवणार."

डेल्टाच्या भातशेतांत खाजगी तपासाचं काम करणारी एकटी अर्लीन पिटमनच. तिनं कॉफीचा कप म्हातारीच्या हातात दिला. कोपऱ्यात अर्लीनचा सोबती, चर्चचा कारभारी डीकन क्लीटस, रताळ्याची गोड पाई खात होता. त्यानं बशी बाजूला ठेवली.

रविवारी भर प्रवचनात ओझेलाचा भाऊ हर्शेल उठून तिच्या घरी गेला होता. चर्चनंतरच्या जेवणासाठी पालेभाजीचं पातेलं आणायचं होतं. तो परत आलाच नाही. तो सापडला तिच्या स्वयंपाकघरात. खांद्यात छर्रे घुसलेले आणि डोकं बंदुकीच्या दस्त्यानं फोडलेलं. तेव्हापासून तो इस्पितळात बेशुद्ध होता.

"बंदूक कुणाची?"

"आमचीच. एमेटची, बदकं मारायची." एमेट म्हणजे ओझेलाचा नवरा, वर्षापूर्वी वारलेला. "तो गेल्यावर संध्याकाळी मागचं दार कुणीतरी हलवायचं. मी घाबरले. टेरेलच्या मागे लागले, म्हटलं, ही बंदूक घराच्या राखणीसाठी करून दे. त्यानं ती बदलली, भरली आणि स्वयंपाकघराच्या दारावर टांगली. आणि ती चालली कुणावर? माझ्याच भावावर! देवाला मी काय तोंड दाखवू?"

"आधी पोराला घरी आणू," अर्लीन म्हणाली. "देव थांबेल."

ओझेलाच्या स्वयंपाकघरात भाजीचं पातेलं अजून चुलीवरच होतं. शेरीफनं अर्लीन आणि क्लीटसला बाजूला घेतलं.

"तीन बार झालेत. दोन रिकाम्या पुंगळ्या जमिनीवर, तिसरी नळीतच. बंदुकीच्या पोटात दोन जिवंत काडतुसं आहेत. हे तुम्हां दोघांनाच सांगतोय, बाहेर जाता कामा नये."

"काडतुसं शिल्लक होती, तरी दस्त्यानं मारलं?" क्लीटसनं विचारलं.

"राग, डीकन. रागात माणूस हिशेब करतो का? बंदुकीवर बोटांचे ठसे फक्त टेरेलचे आहेत. मामाशी त्याचं भांडण अख्ख्या गावानं ऐकलंय. त्यात तो रविवारी चर्चलाही आला नाही."

अर्लीन खिडकीशी गेली. वर सरकवलेली काच एका गुळगुळीत, गोल लाकडी दांडीवर टेकली होती. तिनं दांडीवरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"खिडकीची दोरी तुटलीय गं," ओझेला म्हणाली. "टेरेलनं हा टेकू दिला. बंदूक बदलली त्याच दिवशी."

इतक्यात फोन वाजला. ओझेलानं तो उचलला. इस्पितळातून निरोप होता, हर्शेलमध्ये काही फरक नाही.

कोठडीत टेरेल गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

"मामा म्हणाला, हा हंगाम संपला की माझ्या शेतात शिकार बंद. मी ओरडलो, खरंय. पण मामा आहे तो माझा! रविवारी रात्रपाळी करून मी ट्रकमध्येच झोपलो होतो."

"बंदूक बदलायला मदत कुणी केली?"

"आखूड नळी बाबांच्या शिकारीतल्या दोस्ताकडून, ड्वेनकाकांकडून आणली. बाकी सगळं मी घरीच केलं. कुणाला सांगितलं नाही."

हर्शेलची बायको लूरीन चर्चच्या मागच्या खोलीत भांडी घासत होती. प्रवचन चाललेलं असताना ती इथेच एकटी जेवण गरम करत होती.

"माझ्यावर संशय? ये, बस, मका-पाव खा आणि मग घे संशय! नवऱ्याशी मी तीस वर्षं भांडतेय, अर्लीन, पण जिभेनं. बंदुकीचं मला एवढंच कळतं की कुठल्या टोकासमोर उभं राहायचं नाही."

"बार ऐकू आले?"

"पास्टर सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलाचं आख्यान गात होते. 'सिंहाचं तोंड कुणी मिटलं?' म्हणून त्यांनी सूर चढवला की अख्खं चर्च उभं राहून म्हणायचं, 'माझ्या देवानं मिटलं!' त्यात तोफ उडाली असती तरी कळली नसती. शिवाय बदकांचा हंगाम. दिवसभर कुठे ना कुठे बार चालूच असतात."

क्लीटसनं मान डोलावली. त्या आख्यानात त्यानंच पहिली साथ धरली होती.

ड्वेन मॅब्री आपल्या शिकारतळावर हातमोजे घालून बदकं सोलत होता. पैसे देऊन येणारी त्याची गिऱ्हाइकं शिकार करत ती हर्शेलच्याच पाणथळ शेतात.

"रविवारी? पलीकडच्या तळ्यात, लव्हाळ्यात दडून बसलो होतो. एकटाच. दोन बदकं पडली, एक निसटलं. एमेट म्हणायचा ना, तिसऱ्या बारानंतर बदक देवाचं."

"टेरेलला नळी तुम्ही दिलीत?"

"दिली. नळी आखूड केली की झाली घराची बंदूक. तीस हंगाम एमेटबरोबर काढले मी. ती बंदूक मला माझ्या हातासारखी ठाऊक आहे."

परतताना क्लीटस म्हणाला, "कुणीच खोटं बोलत नाहीये असं वाटतं."

"एक जण बोलतोय. पण त्याला फसवलंय त्याच्या खऱ्या बोलण्यानं."

बुधवारच्या प्रार्थनेनंतर अर्लीननं सगळ्यांना चर्चच्या भोजनघरात थांबवलं. शेरीफ टेरेलला बेड्या घालून घेऊन आला. ओझेला पोराकडे बघत होती, पण जवळ जायला तिला परवानगी नव्हती.

अर्लीननं खिडकीचा टेकू टेबलावर ठेवला.

"डीकन, तुम्ही मासे धरणारे, म्हणून तुम्हाला सांगते. बदकांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं ठेवायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून बंदुकीच्या पोटात अशी दांडी बसवतात. इथले शिकारी जन्मभर तीन मोजतात आणि थांबतात. बोटांना तशी सवयच लागते. टेरेलनं नुसती नळी बदलली नाही. त्यानं ही दांडीही काढली आणि पाच काडतुसं भरली."

क्लीटसचे डोळे मोठे झाले. "म्हणजे टेरेलला ठाऊक होतं, दोन शिल्लक आहेत!"

"होतं. भरलेल्या बंदुकीचा तो सोटा कशाला करेल? आणि लूरीनसारखी बंदुकीत अडाणी बाई चाप ओढत राहिली असती. तिला तीनाचं काय? मारणारा तिसऱ्या बारानंतर थांबला. नळीखालची मूठ मागे ओढून पुढचं काडतूस आणायचा प्रयत्नही त्यानं केला नाही, म्हणून तिसरी पुंगळी नळीतच राहिली. बंदूक संपली असं धरून त्यानं ती उलटी धरली. म्हणजे तो मुरलेला शिकारी आहे. नळीचा बदल त्याला दिसत होता, दांडीचा ठाऊक नव्हता. हातात मोजे होते, म्हणून त्याचे ठसे नाहीत. आणि हर्शेलनं शेत बंद केलं की त्याचा तळ उठणार होता."

सगळ्यांच्या माना ड्वेनकडे वळल्या.

"गोष्टी रचतेस," तो हसला, पण ओठ कोरडे होते.

अर्लीननं शेरीफकडे पाहिलं. शेरीफनं खिशातून दोन लाल काडतुसं काढली आणि दांडीशेजारी उभी केली.

"ही त्याच बंदुकीत होती, ड्वेन."

ड्वेन ताडकन उठला. "खोटं! तिसऱ्यानंतर ती रिकामी होती!"

"ती रिकामी होती," अर्लीन हळूच म्हणाली, "हे ज्यानं ती चालवली त्यालाच वाटणार. पलीकडच्या तळ्यात बसून तुम्हाला ते बरं कळलं."

ड्वेन खाली बसला. "मी नुसता बोलायला गेलो होतो," तो पुटपुटला. "तो ऐकेना... आणि ती दारावर समोरच टांगलेली."

शेरीफनं टेरेलच्या हातातल्या बेड्या काढल्या. सह्या-शिक्क्यांसाठी मात्र त्याला आणखी थोडा वेळ कचेरीत जावंच लागलं.

ओझेला घरी आली. दांडी शेरीफनं पुरावा म्हणून नेली होती, खिडकी आपटून बंद झालेली. इस्पितळातून लूरीनचा फोन आला. हर्शेलनं डोळे उघडले होते आणि पहिलाच प्रश्न विचारला होता, भाजी करपली का. ओझेला रडता रडता हसली.

अंधार पडू लागला, आणि मागचं दार हललं.

तिचा हात आपोआप दारावर, बंदुकीच्या जागी गेला. तिथे नुसता खिळा होता. ती दाराशी उभी राहिली आणि कापऱ्या आवाजात तिनं सूर लावला,

"सिंहाचं तोंड कुणी मिटलं?"

बाहेरून एक बेसूर, दमलेला आवाज आला,

"माझ्या देवानं मिटलं! आई, दार उघड. किल्ली शेरीफकडेच राहिली."