जर्दाळूची गोष्ट

लेटिस हारकमला कादंबरीचा दुसरा भाग हवा होता आणि तो नेमका मिस्टर पेल यांच्या हातात होता. आमच्या इंग्लंडात कादंबरी तीन भागांत निघते आणि वाचनालयवाले एका वेळी एकच भाग देतात. त्यामुळे कोण कोणासाठी खोळंबलंय, हे गावभर ठाऊक असतं.

“पहिला भाग आवडला?” पेल यांनी विचारलं. वकिलीसाठी ते गावात नवेच आलेले.

“त्यातली बायको आवडली.”

“ती बडबडी? अहो, मजा तर नवऱ्याच्या बोलण्यात आहे! एकेक टोमणा असा, की...”

“की तिला कळतही नाही? सगळं कळतं तिला, मिस्टर पेल. ती फक्त सगळ्यांच्या नंतर हसते.”

पेल यांची शेवटची पानं वाचायची होती, तरी पुस्तक त्यांनी तिला देऊन टाकलं.

मग दर गुरुवारी दोघं वाचनालयात योगायोगाने भेटू लागले. जून संपता संपता पेल यांनी लग्नाचं विचारलं. लेटिस म्हणाली, “सांगते...” ते तिला आवडत होते, फारच. पण विनोदी होते, आणि तिच्या घरात एक विनोदी माणूस आधीच होता.

रविवारी पेल हारकमांकडे चहाला आले; लेटिसच्या बहिणी आणि गावचे पाद्रीबाबाही होते. लेटिसची आई बागेतल्या जर्दाळूच्या झाडाबद्दल काही सांगत होती.

“ऐका, पेल,” मिस्टर हारकम म्हणाले, “लग्न झाल्यापासून मी मुद्द्याची वाट पाहतोय!”

मुली हसल्या. पाद्रीबाबा हसले. जरा वेळाने आईसुद्धा हसली.

लेटिसने पेलकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले होते... पण त्यांनी कप खाली ठेवला.

“मग जर्दाळूचं काय झालं, मिसेस हारकम?”

आई गोंधळली. “काय सांगत होते बरं मी? पुढचं कोणी विचारत नाही हो...”

मग तिला आठवलं. भिंत, गांधीलमाश्या, माळ्याचं पडसं. गोष्ट भलतीच कंटाळवाणी होती. पेल शेवटपर्यंत ऐकत राहिले.

फाटकापाशी लेटिसने विचारलं, “बाबांचा विनोद आवडला नाही?”

“झकास होता. हसू आलंच होतं. मग तुमच्या आईकडे लक्ष गेलं.”

लेटिसचे डोळे भरून आले. “लग्नानंतर मीही पुष्कळ बोलेन — जर्दाळूंबद्दलसुद्धा.”

“म्हणजे... हो?”

“मुद्दा लवकर यायचा नाही हं.”

“मी थांबेन,” पेल म्हणाले. त्यांना एरवी काहीतरी विनोदी सुचलं असतं.