दाहखूण

त्या काळात नागपूरच्या न्यायालयाला साक्षीदारांची फारशी गरज उरली नव्हती. आरोपीच्या कपाळावरचा तेलकटपणा कापसाच्या बोळ्यानं टिपला, की काम झालं. माणूस खुनशी संतापानं पेटला, की त्याच्या त्वचेतल्या एका स्निग्ध रेणूला ऑक्सिजनचा अणू चिकटतो, असं डॉ. वामन हुद्देदारांनी दाखवून दिलं होतं. त्या जड झालेल्या रेणूला ते 'दाहखूण' म्हणत. लेझरच्या झोतानं नमुन्यातले रेणू उडवायचे, यंत्रात त्यांचं वजन करायचं. दाहखूण सापडली की गुन्हा शाबीत.

सुनेत्रा गवाणकरचा धाकटा भाऊ दिगंबर याच खुणेपायी भागीदाराच्या खुनात अडकला आणि तुरुंगातच वारला. सुनेत्रानं मग हट्टानं हे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच नोकरी धरली.

आणि एके दिवशी तिच्यापुढे खुद्द हुद्देदारांचा नमुना आला. त्यांची बायको गच्चीवरून पडून वारली होती आणि संशय त्यांच्यावर होता. यंत्रानं दाहखूण दाखवली.

"बरा सापडला मेला!" दिगंबरची बायको मालती म्हणाली.

"त्यानं काही केलेलं नाही, मालती. तोच नमुना मी लेझर न लावता, दुसऱ्या पद्धतीनं तपासला. खूण नाही."

"मग यंत्रात कुठून आली?"

"लेझरच ती तयार करतो. त्या झळीनं साधी चरबीही ऑक्सिजन धरते. शेजारच्या तान्ह्या बाळाचं कपाळ टिपून पाहिलं मी. यंत्राच्या लेखी तेही खुनी निघालं."

"म्हणजे आमच्या ह्यांनीही…"

"नव्हतंच केलं."

"मग सांगा ना कोर्टात, ताई! त्यांच्या नावावरचा डाग तरी पुसला जाईल."

"आत्ता सांगितलं तर हा सुटेल. खरं बोलूनही कुणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं, ते कळू दे त्याला. आधी शिक्षा ऐकू दे. मग सांगते."

सुनावणीत न्यायाधीशांनी तिला विचारलं, "हे यंत्र चुकू शकतं का?"

"ज्यांनी बनवलं, त्यांनाच विचारा," सुनेत्रा म्हणाली. स्वतःची कातडी वाचवायला हुद्देदार सगळ्यांसमोर आपल्याच यंत्राला खोटं पाडतील, गयावया करतील, या क्षणाची ती वर्षानुवर्षं वाट पाहत होती.

हुद्देदार सावकाश उठले. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"यंत्र चुकत नाही," ते म्हणाले. "ती पडली तेव्हा मी जिन्यात होतो, असं मला आठवतं. पण आठवण चुकू शकते. मीच ढकललं असणार तिला."

सुनेत्रा पुढे धावली. "चुकतं! साहेब, ते यंत्र चुकतं! माझ्याकडे पुरावा आहे!"

"बाई, आत्ताच विचारलं तेव्हा तुम्ही ह्यांच्याकडे बोट दाखवलंत," न्यायाधीश म्हणाले. "आता तर बनवणाऱ्यानंच कबुली दिली. याहून मोठा पुरावा कोणता?"

हुद्देदारांनी तिच्याकडे वळून हात जोडले. "माझी कीव करू नका, बाई. मला शिक्षा होऊ द्या."

मागच्या बाकावरची मालती उठली आणि सुनेत्राकडे न पाहताच बाहेर निघून गेली.