डाव्या हाताचा मोजा

लॅबच्या बाथरूममधून मी बाहेर आले आणि थेट त्याच्यावरच आदळले. हातात माझी... आता कसं सांगू... लघवीची बाटली! अजून कोमट. नशीब, झाकण घट्ट होतं. आणि स्कूटीवरचा स्कार्फ मी तोंडावरून सोडला नव्हता.

“स्कार्फ काढा. ओळखपत्राशी चेहरा जुळवायचाय.” कोटावर नाव होतं रविराज.

“डोळे पुरत नाहीत?”

“मला पुरतात. नियमाला नाहीत.”

मी स्कार्फ सोडला. कानांपर्यंत लाल झाले होते, ते आता त्यालाही दिसलं.

“काही औषधं चालू आहेत?”

“नाही,” म्हटलं आणि पळाले. नव्या नोकरीआधीची तपासणी होती ही. पास झाले, तरच सोमवारी रुजू व्हायचं होतं.

दोन दिवसांनी त्यानंच परत बोलावलं. “नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडलंय,” तो हळूच म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नोकरी जाईलच, पण याला मी नशा करणारी वाटणार, हे जास्त लागलं. डोळे भरले, नाक चोंदलं. सवयीनं पर्समधली नळी काढून हुंगली.

“हे काय?”

“सर्दीचं. मावशी अमेरिकेहून आणते, चॉकलेटांबरोबर. स्कार्फच्या आत दिवसभर हुंगते...”

“मी औषधाचं विचारलं होतं, शेफाली.”

“हुंगायचं ते औषध कुठे असतं? आणि हातात ती बाटली धरून माणूस किती बोलणार हो!”

तो हसला नाही. टेबलावरचा माझा हातमोजा त्यानं उचलला. “हा डाव्या हाताचा. उजव्यात बसेल? दिसतो मात्र सारखाच, आरशातल्यासारखा. काही द्रव्यांच्या रेणूंचीही अशीच डावी-उजवी जोडी असते. नशेचं द्रव्य ते उजवं. तुमच्या नळीतलं डावं. उजव्याला शरीर लवकर मोडून टाकतं. डावं जास्त रेंगाळतं आणि बरंचसं जसंच्या तसं लघवीतून—”

“कळलं!” मी जवळजवळ ओरडलेच.

“पहिल्या तपासणीला दोन्ही सारखीच दिसतात. दुसरीत वेगळी काढू.”

दुसरीत सगळं डावंच निघालं. नोकरी मिळाली. पण कर्वेनगरच्या त्या लॅबवरून जाताना मी रोज स्कार्फ आणखी वर ओढायची. ज्याला माझ्या लघवीतलं डावं-उजवं ठाऊक, त्याच्याशी प्रेमाचं कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि बोलायचं तर होतं.

एका संध्याकाळी सिग्नलला शेजारी बाइक थांबली. “शेफाली, सर्दी कशी आहे?”

“...ओळखलंत?”

“डोळे पुरतात, म्हणालो होतो ना.” त्यानं खिशातून माझा तोच डावा हातमोजा काढला. “हा राहिला होता. खरं तर... परत द्यायचाच नव्हता.”

“मला तुमच्यासमोर यायची लाज वाटते हो.”

“मलाही. म्हणून तर रोज नुसता खिडकीतून बघतो.”

सिग्नल सुटला. मागून एक आजोबा खेकसले, “अहो, लग्नाचं पुढच्या सिग्नलला ठरवा!”

मी गाडी कडेला घेतली आणि या वेळी त्यानं न सांगताच मी स्कार्फ सोडला. कान लाल झाले होते. दिसू देत.