एकच सिगार, अकरा वर्षं

सिगारींच्या परीक्षेचे बारा दिवस आमच्या घरात कांदा चिरला जात नाही. साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही, आणि भावजयीच्या अत्तराच्या बाटल्या कपाटात कुलपाखाली. ती दर वर्षी कुरकुरते आणि दर वर्षी किल्ली मुकाट्याने माझ्या हातात देते. मी चौसष्ट वर्षांची आहे, लग्न केलं नाही, आणि चवीच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा असतो. हे मी तोऱ्यात सांगतेय असं कुणाला वाटलं, तर त्याला बरोबर वाटतंय.

खाली धाकट्या भावाचं तंबाखूचं दुकान आहे आणि वर परीक्षेची खोली. दर वर्षी आम्ही बारा सिगारी ओढून त्यांची तुलना करतो आणि एक लहानशी पुस्तिका छापतो. त्यात क्युबाची एकही नसते. निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक, ब्राझील, मेक्सिको, कॅमेरून, दुसरी कुठलीही चालते. क्युबाची का नाही, असं लोक विचारतात. मी सांगते, त्या नावापुढे तुमची मान आधीच झुकलेली असते, मग जीभ बिचारी काय बोलणार? ज्यांच्यामागे नावाची पुण्याई नाही, त्यांना पारखून दाखवा. दूरदूरचे दुकानदार आमची पुस्तिका मागवतात आणि माझे गुण बघूनच माल भरतात.

खोलीला उत्तरेची एक खिडकी आहे. तीन टेबलं तीन भिंतींकडे तोंड करून मांडलेली, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसू नये. एक माझं, एक भावाचं, एक दातांच्या डॉक्टरांचं. डॉक्टर भावाचे शाळेपासूनचे मित्र. जन्मभर त्यांनी लोकांना तंबाखू सोडायला सांगितलं आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन बसले. सिगारींवरचे कागदी पट्टे काढून त्यांना नंबर देण्याचं काम भावजयीचं. कुठला नंबर कुठल्या सिगारचा, ती यादी बंद पाकिटात तिच्याजवळ असते. तिला धुराचा तिटकारा आहे, म्हणून माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

बारांत एक जुळं असतं. म्हणजे एकाच प्रकारची सिगार दोन वेगळ्या नंबरांखाली दोनदा येते. हा नियम मीच घातला. ज्याला जुळं ओळखता आलं नाही, त्याचे त्या वर्षीचे गुण धरायचे नाहीत. डॉक्टर दर वर्षी चुकतात आणि हवेला दोष देतात. भाऊ कधी चुकतो, कधी त्याचा बाण लागतो. मी एकतीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

माझी आणखी एक सवय आहे. पेटवण्याआधी मी प्रत्येक सिगारचं चित्र काढते, वहीत, पेन्सिलीने, खऱ्या मापाचं. हाताने वळलेल्या सिगारवर बाहेरून तंबाखूचं अख्खं पान गुंडाळलेलं असतं, आणि कुठल्याही दोन पानांच्या शिरा सारख्या नसतात. शिरा, डाग, बोटाला लागणारी मऊ जागा, सगळं टिपते आणि खाली वजन लिहिते. मग चव तीन भागांत लिहिते, कारण सिगार तीन भागांत बोलते आणि खरं काय ते शेवटच्या भागात सांगते. बोटभर उरेपर्यंत ओढल्याशिवाय मी गुण देत नाही.

"ताई, सिगार ओढायचीय की तिचा पासपोर्ट काढायचाय?" भाऊ नेहमी विचारतो.

या वर्षी नवव्या दिवशी नऊ नंबरची सिगार आली. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून चांगला उजेड येत होता. मी सिगार बोटांत धरली, आणि पेन्सिल टेकवायच्या आधीच मला माहीत होतं की मधली शीर कुठे फुटणार. खाली दोन फाटे, त्यातला डावा आखूड. टोकाजवळ मसुरीच्या दाण्याएवढा हिरवट डाग. त्याच्या खाली बोटभर अंतरावर मऊ जागा. मी सिगार पालथी ठेवली आणि न बघता चित्र पुरं केलं. मग उलटून पाहिलं तर एक रेघ इकडची तिकडे नव्हती. वजन चौदा पूर्णांक दोन ग्रॅम.

मी कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. चार नंबरचं पान उघडलं. तेच फाटे, तोच डाग, तेच वजन.

"ही सिगार मी गेल्या वर्षी ओढलीय," मी म्हणाले.

"असेल की," भाऊ भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "चांगला माल परत येतोच."

"हा प्रकार नाही म्हणत मी. ही. हीच."

आता दोघंही वळले. डॉक्टरांनी लोकांच्या तोंडात बघायचा चष्मा नाकावर चढवला आणि सिगार वहीवर ठेवून बराच वेळ पाहिली.

"दात असते ना, ताई," ते म्हणाले, "तर मी लिहून दिलं असतं, एकाच माणसाचे आहेत म्हणून."

भावाने भावजयीला हाक मारली. ती नाकाला रुमाल लावून वर आली आणि पाकीट उघडून वाचलं. नऊ नंबर डॉमिनिकन रिपब्लिकची होती. गेल्या वर्षीची चार नंबर होंडुरासची. देश वेगळा, कारखाना वेगळा, आणि या वर्षीची पेटी तिने स्वतः परवा फोडली होती. उरलेल्या सतरा सिगारी तिने आणून दाखवल्या. त्यांतल्या एकीचीही शीर तशी नव्हती.

"योगायोग असेल," भाऊ म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. त्याचा घसा साफ करणं मी तो पाच वर्षांचा असल्यापासून ओळखते. "ताई, राग मानू नकोस. तुझं वय होतंय. पुढच्या वर्षीपासून मुख्य परीक्षक म्हणून डॉक्टरांनी बसावं, असं माझ्या मनात होतंच. तू अधूनमधून येत जा."

डॉक्टर बुटांकडे बघायला लागले. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. ज्यांना जुळं ओळखता येत नाही ते माझ्या खुर्चीवर बसणार होते, आणि मी अधूनमधून येणार होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी सगळ्या वह्या काढून टेबलावर आपटल्या आणि एकेक चाळायला लागले. मला दाखवून द्यायचं होतं की इतक्या वर्षांत माझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत अकरा नंबरला ती सापडली. त्याआधी दोन नंबरला, मेक्सिकोची म्हणून. त्याआधी ब्राझीलची म्हणून. दर वर्षी एकदा, वेगळ्या नंबराने, वेगळ्या देशाच्या नावाखाली. तेच फाटे, तोच डाग. चवीचे शब्दही तेच: ओली माती, जुनी पुस्तकं, लोखंड. गुण दर वेळी एक्याण्णव.

अकरा वर्षं. हे सगळं माझ्याच हाताने काढलेलं होतं आणि मी एकदाही ओळखलं नव्हतं. डॉक्टरांना मी दर वर्षी हसत आले, आणि माझं जुळं अकरा वर्षं माझ्या समोर येऊन बसत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटचा रकाना डॉक्टरांनी पाहिला. "ताई, तुम्ही सगळ्या सिगारी शेवटपर्यंत ओढता ना?"

"सगळ्या."

"ही नाही ओढलेली."

खरं होतं. अकराही पानांवर शेवटचा भाग कोरा होता. खाली माझ्या अक्षरात कारणं होती. फोन आला. चहा सांडला. वीज गेली. भाऊ जिन्यात घसरला. पाहुणे आले. दर वर्षी दोन भाग संपता संपता काहीतरी झालं होतं, मी सिगार खाली ठेवली होती, आणि पहिल्या दोन भागांवरच गुण दिले होते. माझा स्वतःचा नियम मी अकरा वेळा मोडला होता आणि ते मला आठवतही नव्हतं.

"ताई, ही नका पेटवू," भावजय म्हणाली. सिगारींविषयी तिने आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

"का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण नका."

"एकतीस वर्षांत न पारखता मी एकही सिगार परत पाठवली नाही," मी म्हणाले. "खुर्ची सोडायची तर सोडेन. पण हिला पुरती ओढून."

मी फोन बंद करायला लावले. चहाचे कप बाहेर पाठवले. दुकानाचं दार खालून लावून घ्यायला सांगितलं. पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्च्या भिंतीकडे पाठ करून मांडल्या गेल्या, आणि तिघं माझ्यासमोर बसले. भावजयसुद्धा बसली. मी टोक कातरलं, लांब काडीने सिगार सावकाश फिरवत पेटवली.

पहिला भाग ओल्या मातीचा. दुसरा जुन्या पुस्तकांचा, शेवटी जिभेच्या कडेला लोखंड. मी शब्द लिहीत गेले. राख पांढरी आणि घट्ट, अडीच बोटं झाली तरी पडेना. पाऊण तासाने आग दुसऱ्या भागाच्या शेवटी आली.

खाली दुकानाची घंटा वाजली. कुणीही उठलं नाही.

पुन्हा वाजली, आणि वाजतच राहिली. भाऊ अर्धवट उठला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बसला.

घंटा थांबली, आणि खिडकीचं दार आपटून काचेला तडा गेला.

मग भावाच्या नाकातून रक्त यायला लागलं. भावजय किंचाळली, डॉक्टर त्याच्याकडे धावले. हाच तो धाकटा, ज्याला मी कडेवर घेऊन हिंडवला होता. मी बसल्या जागेवरून हलले नाही. सिगार ओठांतून काढली नाही. ते मी लपवणार नाही.

एक झुरका घेतला, आणि आग शेवटच्या भागात शिरली.

रक्त थांबलं. खोली एकदम शांत झाली.

शेवटच्या भागात कुठलीही सिगार तापते, कडवट होते. ही गार पडत गेली. धूर जिभेवर आला तो थंड, आणि त्याला चवच नव्हती. कोऱ्या कागदासारखा.

मी सिगार रक्षापात्राच्या खाचेत ठेवली आणि लिहायला पेन्सिल उचलली.

समोर आग उजळली.

मी हात लावला नव्हता. आग हळूहळू लाल झाली, दोन आकडे मोजेपर्यंत तशीच राहिली आणि मंदावली. धूर वर गेला नाही. कुठेच गेला नाही.

"वारा आहे," भाऊ म्हणाला.

वहीचं उघडं पान हललं नव्हतं.

मिनिटाने पुन्हा उजळली. दोन आकडे. मंदावली. ओठात धरायच्या टोकाचं पान किंचित दबलं आणि पुन्हा वर आलं. त्यावर नवी ओल दिसत होती.

भावजयीने डॉक्टरांचा दंड धरला.

मी ती लय बघत होते. हावरटपणा नाही, घाई नाही. धूर तोंडात घ्यायचा, खेळवायचा, मग सोडायचा. असा झुरका घ्यायला मला दहा वर्षं लागली होती.

मी सिगार उचलली आणि माझा झुरका घेतला. परत ठेवली. मिनिटभर थांबले. आग उजळली, मंदावली. मी पुन्हा उचलली.

असं आलटून पालटून आम्ही ती संपवली. बोटभर उरली तेव्हा ती आपोआप विझली, आणि मी गुण लिहिले. शंभरांतले शंभर मी कुणाला देत नाही. त्या दिवशीही दिले नाहीत. अठ्ठ्याण्णव दिले.

"मुख्य परीक्षक तूच, ताई," भाऊ म्हणाला. त्याच्या शर्टावर रक्त वाळत होतं.

"त्यात वादच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

उरलेले तीन दिवस नेहमीसारखे गेले. जुळं तीन नंबर आणि बारा नंबर निघालं, मी बरोबर ओळखलं, डॉक्टर चुकले. पुस्तिका छापून गेली. त्या सकाळबद्दल घरात कुणी बोलत नाही, आणि माझ्या खुर्चीबद्दलही नाही.

याला आता तीन आठवडे झाले. दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. मी खिडकीशी नुसती बसलेली असते आणि पायांच्या टोकाला ऊब येते. दोन आकडे मोजेपर्यंत राहते, मग उतरते. मिनिटाने पुन्हा येते. दुखत नाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती अगदी व्यवस्थित आहे. भावजयीने एकदा पाय चेपायला घेतले आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

मला भीती वाटत नाही. जो कोणी आहे तो जाणकार आहे. घाई करत नाही, मध्ये थांबतो, चव नीट जिभेवर फिरवतो. अशा जिभेखाली जाण्याची लायकी किती जणांची असते? त्याने मला अर्ध्यात खाली ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. माझा शेवटचा भाग सगळ्यात चांगला निघेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आज सकाळी दोन्ही चपला पायांना दीड बोट मोठ्या झाल्या. भावजयीने काही न विचारता लहान मापाची जोडी आणून ठेवली, आणि माझ्या चादरीच्या पायथ्याची पांढरी राख कागदावर गोळा करून नेली.