फेब्रुवारीची चूक

सिद्राम सरांचा मोबाइल कुर्डुवाडी स्टेशनाबाहेर झुडपात सापडला. सर मात्र कुठेच नव्हते.

सब-इन्स्पेक्टर अक्षता त्यांच्या सोलापूरच्या घरी पोचली तेव्हा सरांच्या पत्नी केसरबाई ताट वाढत होत्या.

"पुण्याला ग्येल्यात की. मेसेज आलाय. कवाबी परत येतील."

सर भाषाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दर महिन्याच्या एक तारखेला ते घरच्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना लॅटिनमध्ये तारीख लिहून मेसेज पाठवत. अक्षता त्यांच्याकडे लॅटिन शिकली होती. तिने जानेवारीचा मेसेज उघडला. 'कालेंडिस यानुआरिईस. दारांचा देव यानुस तुमचं भलं करो.' मग फेब्रुवारीचा. 'कालेंडिस फेब्रुआरिई. पुण्यात सुखरूप आहे. काळजी नको.'

तो तिने दोनदा वाचला. तिने सरांचा मुलगा सिद्धांत आणि पुतण्या दिपक यांना समोर बसवलं.

"सरांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"दिपकनं," सिद्धांत म्हणाला. "बाबा त्याच्याकडं कुर्डुवाडीला गेले होते."

दिपक तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला. तो उसळला. "काका आलेच न्हाईत! तुज्यासंगं टेंभुर्णीच्या शेतावर गेल्ते!"

"दिपक, लॅटिन येतं?"

"मॅडम, मला इंग्रजीच धड येत न्हाय."

"सिद्धांत, तुला?"

"लहानपणी बाबांनी थोडं शिकवलं. मग मीच सोडलं."

अक्षताने मोबाइल पुन्हा हातात घेतला. सरांच्या खुर्चीकडे बघणं तिने टाळलं.

"फेब्रुवारीचा मेसेज सरांचा नाही," ती म्हणाली. "लॅटिनमध्ये महिन्याचं नाव हे विशेषण. 'कालेंडाय' म्हणजे पहिली तारीख, हा शब्द अनेकवचनी. विशेषण त्याच्यासारखंच चालतं, म्हणून शेवटी 'स' हवाच. फेब्रुआरिईस. मेसेजमध्ये 'फेब्रुआरिई' आहे, म्हणजे 'फेब्रुवारीची'. आपण मराठीत बोलतो तसं."

"मग दिपकनंच चूक केली असेल," सिद्धांत म्हणाला.

"ज्याला काहीच येत नाही तो जानेवारीचा मेसेज बघून शेपूट तसंच ठेवतो. बरोबर लिहून जातो. ज्याला पुरतं येतं तोही चुकत नाही. चुकतो तो अर्धवट शिकलेला. आणि सरांनी 'फेब्रुआ' म्हणजे शुद्धी, हे सांगितल्याशिवाय हा महिना सोडला नसता. रोमन लोक या महिन्यात मेलेल्या आईवडिलांची आठवण काढायचे, सिद्धांत."

सिद्धांतने तोंड ओंजळीत झाकलं.

"जीप मागं घेत होतो. प्यालो होतो. बाबा मागं उभे होते, दिसलेच नाहीत. दवाखान्यात ने म्हणत होते. पोलीस येतील म्हणून मी... बसून राहिलो. मग बांधाजवळ पुरलं. सकाळी स्टेशनावर जाऊन मेसेज केला, फोन फेकला."

"आणि नाव माझं घेतलंस," दिपक पुटपुटला.

दारात केसरबाई उभ्या होत्या. केव्हापासून, कुणालाच कळलं नव्हतं.

"मला फोन करायचा न्हाय व्हय रं? मी आले असते की."

सिद्धांतला वर बघता येईना. अक्षताने जीप मागवली, टेंभुर्णी ठाण्याला कळवलं. मग केसरबाईंचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवू लागली. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

"मी बी येते. परक्या माणसांनी उकरल्यालं त्यास्नी आवडायचं न्हाय."